हिशेब बादलीपासून सुरू करावा

आपण लातूरहून विचारले आहे की, घरात माणसे चार, घर स्वतःचे, गच्ची सुमारे १,००० चौरस फुटांची, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, उन्हाळ्यात टँकर आणि विजेचा वापर महिन्याला २५० युनिटांच्या आसपास. निसर्गावर कमी भार टाकून जगण्याच्या इच्छेने बांबूचे दातब्रश, स्टीलच्या बाटल्या आणि कापडी पिशव्या घेऊन झाल्या, तर आता रोजच्या जगण्यात पुढे काय बदलावे. गेली बावीस वर्षे मी मराठवाड्यातील घरे, वसतिगृहे आणि गृहनिर्माण संस्था यांचे पाण्याचे व विजेचे हिशेब तपासण्याचे काम करीत आले आहे. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, विकत आणलेल्या वस्तूंनी घराचा निसर्गावरचा भार फारसा हलका होत नाही. तो होतो घरातून रोज जे वाहते, जळते आणि फेकले जाते त्यावर हात ठेवल्याने, आणि मराठवाड्यात या तिघांतही पाण्याचा मान पहिला आहे.

पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ मोजण्यात घालवावा. एका वहीत रोज रात्री ठरलेल्या वेळी विजेच्या मीटरवरचा आकडा लिहावा. गच्चीवरील टाकी किती वेळा भरली, टँकर किती लिटरचा आला, पिण्याच्या पाण्याचे जार किती घेतले याची नोंद करावी. नवा सिलिंडर जोडला की त्यावर खडूने तारीख टाकावी. आणि कचरा घंटागाडीत देण्यापूर्वी ओला व सुका वेगवेगळा तोलावा. हे किचकट वाटेल, परंतु घरात सर्वाधिक पाणी कशावर जाते असे विचारले असता बहुतेक जण आंघोळ किंवा धुणे असे उत्तर देतात, आणि वही मात्र वेगळेच काही सांगते. एका वसतिगृहात आम्ही मुलांच्या आंघोळीवर नियम लावण्याच्या बेतात होतो. प्रत्यक्षात पाणी जात होते ते मोटार चालू ठेवून चहाला गेलेल्या माणसामुळे. मोटार मिनिटाला ३० लिटर पाणी चढवत असेल, तर टाकी भरल्यानंतरच्या १५ मिनिटांत ४५० लिटर पाणी गच्चीवरून वाहून जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. म्हणजे आपल्या चौघांचे दिवसाचे ५४० लिटर झाले, आणि त्यातला मोठा भाग एका चहात संपला. टाकी भरताच मोटार आपोआप बंद करणारे साधे उपकरण मिळते. आपल्या घरात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती ही असावी.

ज्या गावांत नळाला अनेक दिवसांआड पाणी येते, तेथे एक सवय हमखास आढळते, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही म्हणून येथे सविस्तर लिहिते. नळाला पाणी आल्याची हाक उठली की घरातील हंडे, घागरी आणि पिंप यांतील उरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते आणि भांडी ‘ताज्या’ पाण्याने भरली जातात. आठवडाभर पाणी पुरवून वापरणारे कुटुंब आठव्या दिवशी दीड-दोनशे लिटर पाणी स्वतःच्या हाताने गटारात घालते, आणि गल्लीतील प्रत्येक घर तेच करीत असते. झाकून ठेवलेले पाणी आठ दिवसांत शिळे होत नाही. मात्र याची दुसरी बाजूही खरी आहे: डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात, म्हणूनच आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासून पुसून कोरडी करण्यास सांगते. या दोन्ही गोष्टींचा मेळ असा घालावा की, भांडी अवश्य रिकामी करावीत, पण पाणी येण्याच्या आदल्या दिवशीच उरलेले पाणी धुणे, फरशी, कूलर आणि झाडे यांना लावून. आणि एरवी प्रत्येक पिंपावर घट्ट बांधलेले सुती फडके असावे. पाण्याची वेळ अनिश्चित असेल तर हे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे; तरीही गल्लीतील चार घरांनी ठरवले तर गटार कोरडे राहते.

आपल्याकडे पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र असेल तर त्याच्या मागच्या नळीखाली एक दिवस बादली ठेवून पाहावी. घरगुती यंत्र १ लिटर पाणी गाळताना साधारणपणे ३ लिटर पाणी बाहेर टाकते. पिण्यास आणि स्वयंपाकास दिवसाला १५ लिटर गाळून घेतले तर ४५ लिटर मोरीत जातात. त्यामुळे आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, तपासून घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. नळाचे धरणातून आलेले पाणी तिच्या आत असेल तर आरओची गरज नसते, साधा गाळप संच आणि उकळणे पुरते. बोअरचे पाणी खारे किंवा जड असेल तर आरओ ठेवावा, पण त्याने टाकलेले पाणी फरशी पुसण्यास आणि संडासात वापरावे. झाडांना ते एकसारखे घालू नये. आपल्या काळ्या जमिनीत क्षार साठून राहतात आणि दोन वर्षांत कुंड्यांवर पांढरी बुरशी दिसू लागते, ती बुरशी नसून मीठ असते.

आंघोळ, संडास आणि धुणे यांविषयी थोडक्यात सांगते, कारण त्यात नवे काही नाही. बादलीने आंघोळ २० लिटरांत होते, फवाऱ्याखाली आठ मिनिटे उभे राहिल्यास ८० लिटर लागतात. जुन्या फ्लशच्या टाकीत पाणी भरलेली, घट्ट झाकणाची १ लिटरची बाटली उभी ठेवावी. वीट ठेवू नये, तिचा चुरा झडून टाकीचा पडदा खराब होतो. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवते, आणि तिची चकती काही रुपयांत मिळते.

आता गच्ची. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी जमते, एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की पुढचा हिशेब कोणालाही करता येतो. आपली १,००० चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर तिच्यावर ६५,००० लिटर पाणी पडते, आणि बाष्पीभवन व सुरुवातीचे सोडून दिलेले पाणी वजा जाता सुमारे ५२,००० लिटर हाती लागते. ५,००० लिटरचे दहा टँकर गच्चीवरून पन्हळीने रस्त्यावर जातात आणि मे महिन्यात तेच आपण विकत आणतो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर कृष्णेचे पाणी आले होते. आपल्या गच्चीसारख्या दहा गच्च्या सरासरीच्या पावसात तेवढे पाणी देतात. पाऊस निम्मा झाला तरी वीस गच्च्या पुरतात. यावरून रेल्वे अनावश्यक होती असे मला मुळीच म्हणायचे नाही, ती आली नसती तर काय झाले असते हे लातूरकरांना सांगण्याची गरज नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडल्यावर ज्या पाण्याची वाट पाहावी लागली, ते किती गच्च्यांचे पाणी होते एवढेच यातून दिसते.

या पाण्याची व्यवस्था दोन भागांत करावी. पन्हळीखाली २,००० लिटरची टाकी ठेवली तर २७ मिलिमीटरच्या एका जोरदार सरीत ती भरते. ते पाणी धुण्यासाठी उत्तम, कारण ते मऊ असते आणि साबण कमी लागतो. ओसंडणारे पाणी मात्र जमिनीत मुरवावे लागते, आणि येथे मी स्वतः केलेली चूक सांगणे योग्य ठरेल. सुरुवातीच्या काळात माझ्याच घरी मी गच्चीचा पाइप गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडला. पहिल्याच पावसाने गच्चीवरची माती, कबुतरांची घाण आणि कडुनिंबाचा पाला बोअरमध्ये नेला. चार महिने पाणी गढूळ आणि दुर्गंधीयुक्त येत राहिले आणि बोअर साफ करून घेण्यास टँकरांपेक्षा अधिक खर्च आला. म्हणून पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडण्यासाठी वेगळी तोटी बसवावी, त्यानंतर पिंपात खाली गोटे, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू अशी गाळणी करावी, आणि बोअरमध्ये फक्त गच्चीचे पाणी सोडावे, अंगणाचे कदापि नाही. संडासाचा खड्डा बोअरपासून किमान १५ मीटर दूर असल्याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडचा खडक बेसाल्ट आहे. त्यात पाणी फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांत राहते, म्हणून एकाच घराने मुरवलेले पाणी त्याच घराच्या बोअरला मिळेलच असे आश्वासन मी कोणालाही देत नाही. शेजाऱ्याला मिळाले तरी ते गावातच राहते.

मोरीच्या सांडपाण्यासाठी मराठवाड्यानेच एक नमुना दिला आहे. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घराघरांत शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि त्याबरोबर डासही हटवले. खड्डा ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट खोल खणायचा, दगडांनी भरायचा आणि त्यात वरच्या बाजूला भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवायची, म्हणजे गाळ टाकीत राहतो आणि पाणी भोकांतून दगडांत व तेथून जमिनीत जाते. फक्त एक पथ्य आहे. काळी माती फुगली की पाणी मुरू देत नाही, म्हणून खणताना मुरूम लागेपर्यंत जावे, मग ते ४ फूट असो की ६. पाणी खड्ड्याकडे जाताना वाटेत केळी, कर्दळ किंवा अळू लावता येते.

विजेकडे वळताना पाणी मागे सोडले असे समजू नये. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशाची वीज वाफेवर आणि थंड पाण्यावर चालते, त्यामुळे वाचवलेले युनिट हे काही अंशी वाचवलेले पाणीच असते. आपल्या २५० युनिटांत बहुधा पंखे आणि गीझर यांचाच वाटा मोठा निघेल. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो. कमी वीज घेणारा नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा, तो ११ युनिटांत भागवतो. तीन पंखे बदलले की महिन्याला ४८ युनिट वाचतात. २,००० वॅटचा गीझर रोज एक तास चालल्यास ६० युनिट होतात, आणि वर्षातील बहुतेक महिने भरपूर ऊन असलेल्या लातूरमध्ये त्यासाठी वीज जाळणे मला पटत नाही. सौर बंब लावावा, किंवा उन्हाळ्यात गच्चीच्या टाकीचे पाणीच दुपारी इतके तापते की सकाळसाठी काढून झाकून ठेवले तरी पुरे.

एसी की कूलर हा प्रश्न मला दरवर्षी एप्रिलमध्ये विचारला जातो. आपल्याकडची हवा मे अखेरपर्यंत कोरडी असते, म्हणून वाळ्याचा किंवा लाकडी भुशाचा पडदा असलेला कूलर येथे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. १८० वॅटचा कूलर आठ तासांत दीड युनिट घेतो, दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात सहज १० युनिटांपर्यंत जातो. परंतु कूलर दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितो, आणि टंचाईच्या गावात हा खर्च लहान नाही. माझा सल्ला असा की, आधी गच्ची थंड करावी. मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन पांढरे हात द्यावेत, चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळावा, म्हणजे तो उडत नाही; छताखालच्या खोलीतील तापमानात फरक हाताला जाणवतो. जूनमधील पहिला पाऊस या चुन्यावरून वाहून जाऊ द्यावा आणि मगच टाकीचा नळ जोडावा. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांत पांढऱ्या मातीचा जाड थर हेच काम करीत असे. तरीही माळवदाचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ची पहाट विसरू नये. किल्लारी परिसरातील भूकंपात चिखलात बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड छपरेच माणसांवर कोसळली होती. थंडावा जुन्या घराचा घ्यावा, बांधणी नव्या शास्त्राची असावी.

सौर पॅनेल हे सर्व झाल्यानंतर. घराच्या छतावरील सौर संचासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान ठरले आहे. १ किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. आज आपल्याला २ किलोवॅट लागतील. पंखे आणि गीझर यांचा बंदोबस्त केला तर १ किलोवॅटच्या थोड्या वर भागेल. विक्रेता अर्थातच उलट क्रम सांगेल. पॅनेलवरची धूळ पहाटे ओल्या फडक्याने पुसावी, पाइप लावून धुऊ नये.

अन्नाविषयी लिहिताना मी थोडी सावध असते, कारण जेवणावर उपदेश कोणाला आवडत नाही. तरी एवढे सांगावेसे वाटते की, रब्बीची ज्वारी काळ्या जमिनीत परतीच्या पावसाने राहिलेल्या ओलीवर येते, तिचा कडबा जनावरांना पुरतो, आणि मांजरा खोऱ्यातल्या उसाला वर्षभर पाणी द्यावे लागते. एक किलो साखरेमागे पाण्याचा हिशेब दोन हजार लिटरच्या आसपास जातो. आपण चहातील साखर कमी केल्याने ऊस कमी होणार नाही, त्याची कारणे बाजारभावात आणि कारखानदारीत आहेत. पण आठवड्यातून चार दिवस भाकरी आणि तीही ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी एकदम भरून, याने सोयाबीनच्या रेट्यात ज्वारी टिकवणाऱ्या त्या शेतकऱ्याला आधार मिळतो. ज्वारी कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरली तर प्लॅस्टिकच्या पाकिटांचाही प्रश्न उरत नाही. डाळी रात्री भिजत घालणे आणि कुकरची शिटी झाल्यावर आच मंद करणे, या दोन सवयींनी सिलिंडर काही दिवस पुढे सरकतो. खडूची तारीख ते दाखवते.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी आणि आंबील घेऊन जाणारी आपली मंडळी आता थर्मोकोलच्या पत्रावळ्या आणि पातळ प्लॅस्टिकचे पेले बरोबर नेऊ लागली आहेत, आणि काळ्या आईची पूजा झाल्यावर ते सगळे कडब्याच्या कोपीजवळच वाऱ्यावर सोडले जाते. महाराष्ट्रात अशा वस्तूंवर २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळ्या मिळाल्या तर उत्तम, नाही तर घरच्या ताटल्या आणि आंबिलीसाठी पितळी किंवा स्टीलचे पेले न्यावेत. बैलगाडी जाऊन चारचाकी आली आहे, तिच्या डिकीत चाळीस ताटल्या सहज बसतात.

ओल्या कचऱ्याचे खत घरी करणे हे माझ्या मते पाण्यानंतरचे दुसरे मोठे काम आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये, जेथे शहराचा कचरा टाकला जाई त्या नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि त्या वेळच्या औरंगाबाद शहरात रस्त्यांवर ढीग साचले. शहराचा कचरा कोणाच्या तरी शिवारात जातो, हे त्या दिवसांत सर्वांना दिसले. कचरा तोलून पाहिला असेल तर निम्म्याहून अधिक ओला निघाला असेल. भोके पाडलेल्या दोन पिंपांत आलटून पालटून भाज्यांची देठे आणि त्यावर दुप्पट वाळका पाला, असा थर द्यावा. पुस्तकात खत कुजून वास येण्याची चिंता असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते वाळून थांबते, ही खरी अडचण. त्यावर आरओने टाकलेले पाणी नव्हे, तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी शिंपडावे आणि पिंप सावलीत, शक्य तर कडुनिंबाखाली ठेवावे. गांडूळखताचा मोह उन्हाळ्यात टाळावा. ३५ अंशांपलीकडे गांडुळे तग धरत नाहीत. खत हिवाळ्यात दोन-तीन महिन्यांत होते.

वस्तूंविषयी एकच सांगते. घरातील प्लॅस्टिकचे डबे फेकून काचेच्या बरण्या आणू नयेत, ते डबे फुटेपर्यंत वापरावेत. फाटक्या साड्यांच्या वाकळी शिवणारी एखादी मावशी गल्लीत असेल तर तिला काम द्यावे. झाड लावायचे असेल तर एकच लावावे, चिंच किंवा कडुनिंब, जुलैमध्ये, आणि मुळाजवळ कच्च्या मातीचे मडके पुरून त्यात आठवड्याला पाणी भरावे; तीन उन्हाळे काढले की ते स्वतःच्या बळावर उभे राहते.

क्रम विचाराल तर या आठवड्यात वही, पुढच्या आठवड्यात तोट्यांच्या चकत्या आणि मोटारीचे उपकरण, दिवाळीपूर्वी पंखे, हिवाळ्यात खताचे पिंप. पन्हळीचे आणि गाळणीचे काम मात्र मे संपण्यापूर्वी पुरे करावे, कारण मृगाच्या सरी सुरू झाल्यावर प्लंबर मिळत नाही.